उभं असताना बोलायचं नाही

१२ जानेवारी

वहिनीच्या डाव्या मनगटाला प्लास्टर घालून आणलं. उजवा हात वाचला याचं तिला एवढं समाधान, की तिने हाडांच्या डॉक्टरांचे दोनदा आभार मानले. जणू त्यांनीच तिला विचारून डाव्या बाजूला पाडलं होतं.

निवृत्त झाल्यावर मी डायरी बंद केली होती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडतंय. बोलून मन मोकळं करावं तर घरात आम्ही दोघीच, आणि जिच्याशी बोलायचं तिच्याबद्दलच बोलायचं आहे. म्हणून पुन्हा लिहायला घेतलं.

पडली ती अशी. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती, हातात ताटली. मी बाहेरून नुसतं ओरडले, "वहिनी, तुझ्या लेकाचा फोन!" ती वळली, म्हणजे कमरेच्या वरचं अंग वळलं. पाय जिथे होते तिथेच राहिले, फरशीला खिळे मारल्यासारखे. ताटली आधी पडली, मग ती. नशीब मी घरात होते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. तिचा मुलगा विमानाशिवाय पोचता येत नाही इतक्या लांब नोकरीला. तेव्हा या घरात आम्ही दोघी नणंद-भावजय. नवी नवरी म्हणून आली तेव्हा मला थट्टेने 'वन्सं' म्हणायची. थट्टा संपली, नाव राहिलं. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची, शिडीवर चढून, तासन्‌तास गप्प. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून, अखंड बोलत. म्हणूनच आमचं जमलं असावं.

कंपवात तिला सहा-सात वर्षांपासून आहे. लोकांना वाटतं, कंपवात म्हणजे हात थरथरणं. हात थरथरणं हा त्यातला सगळ्यात सभ्य भाग आहे. खरा छळ म्हणजे मध्येच पाय चिकटतात आणि तोल जातो.

रात्री भाच्याने पुन्हा फोन केला. "आत्या, आता पुरे. पुढच्या वेळी पडली तर मी आईला इकडे घेऊन येणार. माझ्या घराजवळ एक चांगली जागा आहे. चोवीस तास नर्स असते."

त्याचं चुकत नाही. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि हातातला पेला निसटून फुटला. हात ओला असणार.

१८ जानेवारी

मेंदूचे डॉक्टर शहरात. जाऊन-येऊन बसमध्ये सबंध दिवस जातो, आणि वहिनी परतल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. आज अपॉइंटमेंटसाठी फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "येऊ नका. आमच्याकडे आता व्हिडिओवर तपासणी असते. तोल जाणाऱ्या पेशंटसाठी फिजिओथेरपिस्टसुद्धा आहेत, दर आठवड्याला घरबसल्या."

मी विचारलं, "पडद्यातून हात धरता येतो का त्यांना?"

ती म्हणाली, "नाही हो. पण बघता येतं."

बघायला मी आहेच की. पण वहिनी म्हणाली, "बस नको वन्सं," म्हणून हो म्हटलं.

२४ जानेवारी

आज डॉक्टर पडद्यावर आले. पहिली पाच मिनिटं त्यांना आमचा पंखाच दिसत होता. "आजी, फोन जरा खाली करा," म्हणाले. आजी! माझ्या डोक्यात वहिनीपेक्षा कमी पांढरे केस आहेत. पण फोन खाली केला.

भला माणूस. घाई नाही. वहिनीला विचारलं, "झोपून उठलात की डोळ्यांपुढे अंधारी येते का?"

वहिनी म्हणाली, "येते. रोज."

मी तिच्याकडे बघतच राहिले. रोज! त्यांनी मला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून रक्तदाबाचं यंत्र आणायला लावलं, आणि ते येईपर्यंत खरंच थांबले. आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. उभं राहिल्यावर आकडा धाडकन खाली. म्हणाले, कंपवातात असं होतं, आणि वर इथल्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची जुनी गोळी चालूच होती. ती त्यांच्याशी बोलून अर्ध्यावर आणली. कंपवाताच्या गोळ्यांच्या वेळाही बदलल्या. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, पाणी प्यायचं, मग उभं राहायचं.

नंतर मी वहिनीला म्हटलं, "अंधारी येते हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते," ती म्हणाली.

मागच्या महिन्यात ती पलंगापाशी पडली होती ती याचमुळे, हे आज कळलं. मी सकाळचा चहा घेऊन आत गेले होते आणि "ऊठ, ऊठ, निवतोय" म्हणत होते, आणि ती उठली ती थेट खालीच. तेव्हाही नशीब मी शेजारीच होते.

डॉक्टरांना मनोमन नमस्कार केला. शेजारी बसून नाडी बघणाऱ्यांनी जे विचारलं नाही, ते त्यांनी इतक्या लांबून विचारलं.

३० जानेवारी

आज फिजिओथेरपिस्ट. तिशीची असेल, आवाज बसलेला, सर्दी झालेली, मागे एक मांजर सारखं टेबलावर चढतं. मी ठेवणीतली साडी नेसून पडद्यासमोर बसले तर म्हणते, "आत्या, तुम्ही छान दिसताय, पण मला चेहरे नकोत, पाय दाखवा." फोन बुटक्या स्टुलावर ठेवायला लावला आणि तासभर वहिनीचे पाय बघितले. मी तिचं नाव 'पायवाली' ठेवलं. वहिनीला हसू आलं, आणि हसताना तोल गेला नाही, हेही पायवालीने टिपून ठेवलं.

मग म्हणाली, "आता मला तुमच्या घरात फिरवून आणा. काकू जिथे जिथे जातात तिथे."

मी फोन हातात धरून घरभर फिरले. घर मी आरशासारखं ठेवते, तेव्हा कौतुकाची वाट बघत होते. तिने काय बघितलं? टेबलफॅनची आडवी वायर. न्हाणीघरात धरायला दांडी नाही. वहिनीच्या सपाता मागून उघड्या. आणि पलंगाजवळचा गालिचा.

तो गालिचा भावाने लांबच्या प्रवासातून खांद्यावर टाकून आणला होता. मी म्हटलं, "बाकी काय हवं ते काढते. तो नाही. ती त्याची आठवण आहे."

वहिनी म्हणाली, "काढ. मला तो कधीच आवडला नव्हता. त्यातला निळा चुकलाय."

इतकी वर्षं! गुंडाळून कपाटावर टाकला. खोली ओकीबोकी दिसते. वहिनी मात्र कडेकडेने न जाता सरळ मधून चालत पलंगाकडे गेली. मला हसावं की रडावं कळेना.

९ फेब्रुवारी

स्वयंपाकघराच्या दारात वहिनीचे पाय चिकटतात. खोलीच्या मध्ये नाही, नेमकं दारात. पायवाली म्हणते, अरुंद जागा आली की मेंदू अडखळतो. उपाय ऐकून मी उडालेच: जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि प्रत्येक पट्टी ओलांडायची. सरळ चाल म्हटलं की पाय ऐकत नाहीत, ओलांड म्हटलं की ऐकतात. असा हा आजार, समोरच्या दाराने जाऊ देत नाही पण मागचं दार उघडं ठेवतो.

रंगीत चिकटपट्ट्या आणून लावल्या. वहिनी दारापाशी आली, थांबली, खाली बघितलं आणि पहिली पट्टी ओलांडली. मग दुसरी. मग ती स्वयंपाकघरात होती. आम्ही तिघी एकदम ओरडलो. मांजर पळालं.

१५ फेब्रुवारी

पट्ट्यांची टोकं सुटली. पाण्याने, पोछ्याने. सुटलेलं टोक म्हणजे पाय अडकायला आणखी एक निमित्त. मी पुन्हा चिकटवायला बसले तर वहिनी म्हणाली, "टेप कसली लावतेस. रंग आण. पिवळा. ऑइलपेंट."

खाली बसणं तिला जमणार नव्हतं. तिने खुर्ची दारापाशी मांडायला लावली, ब्रश एका काठीला बांधून घेतला, आणि मला डबा धरून उभं केलं. ब्रश बुडवेपर्यंत तिचा हात थरथरत होता. मला डबा धरवेना, म्हटलं आता सगळ्या भिंतींवर शिंतोडे. ब्रश जमिनीला टेकला आणि हात थांबला. थांबला म्हणजे अगदी थांबला. एका दमात रेघ ओढली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खुर्ची मागे सरकवायची, दुसरी रेघ. प्लास्टरचा हात मांडीवर.

मी तिला पाट्या रंगवताना कधी बघितलं नव्हतं. मी कामावर असायची ना. रेघा संपल्यावर तिने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "तिसरी जरा पोटात गेलीये."

मला तिसरी रेघ कुठे पोटात गेली ते दिसलं नाही. मला काहीच नीट दिसत नव्हतं. ऑइलपेंटचा वास डोळ्यांना झोंबतो.

२८ फेब्रुवारी

प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय. पण दीड महिन्यात एकदाही पडली नाही. भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघू या, आत्या." त्याचं 'बघू या' मला ठाऊक आहे. लहानपणी अभ्यासाला बस म्हटलं की हेच म्हणायचा.

६ मार्च

पडली.

फार लागलं नाही, कोपर खरचटलं. न्हाणीघरातून बाहेर येत होती. नवी दांडी होती, नव्या बंद चपला होत्या, रेघा होत्या, सगळं होतं. मी बाजूलाच कपड्यांच्या घड्या घालत होते आणि तिला विचारत होते की हिरवा टॉवेल धुवायला टाकला का, आणि वीजवाल्याला कधी बोलवायचं. ती "हिरवा" म्हणाली आणि बसकण मारल्यासारखी खाली गेली.

मी उचलायला गेले तर मलाच जमेना. दोघी भिंतीला टेकून बसलो. ती म्हणाली, "त्याला सांगू नकोस." मी म्हटलं, "नाही सांगत." मग आम्ही बराच वेळ तशाच बसलो. हात हातात होता. कुणी कुणाचा धरला होता ते आठवत नाही.

९ मार्च

पायवालीपासून लपवलं नाही. लपवून मग तिला बोलावण्यात अर्थ काय. ती रागावली नाही. प्रत्येक पडण्याच्या आधी काय चाललं होतं ते विचारत राहिली. वहिनी म्हणत राहिली, "काही नाही, तोल गेला." मी मात्र सगळं सविस्तर सांगितलं, फोनचं, चहाचं, टॉवेलचं. एवढं सविस्तर सांगणारं माणूस घरात आहे म्हणून बरं.

पायवालीने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, फोन कोपऱ्यात ठेवा. काकू, तुम्ही स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत या. आत्या, तुम्ही नेहमीसारखं वागा. मी नाहीच असं समजा."

वहिनी निघाली. मी बरोबर होते. काय बोलत होते आठवत नाही, काहीतरी भाजीबद्दल. ती अडखळली, दोनदा भिंतीला हात लावला.

"आता पुन्हा," पायवाली म्हणाली. "आत्या, या वेळी एक शब्दही नाही."

मी ओठ मिटून चालले. वहिनी दारातून, रेघांवरून, पलंगापर्यंत गेली. वळली. बसली. कुठेही हात न लावता.

मग पायवाली हळूच म्हणाली, "आपल्याला चालताना चालण्याचा विचार करावा लागत नाही. काकूंना करावा लागतो, प्रत्येक पावलाचा. मध्ये कुणी प्रश्न विचारला की मेंदू उत्तराकडे जातो आणि पाय वाऱ्यावर."

"म्हणजे मी पाडते तिला?" मी म्हटलं.

"कुणी पाडत नाही. आजार पाडतो. पण त्या उभ्या असताना बोलायचं नाही, एवढं आपण करू शकतो."

मी फोन बंद केला. निरोप न घेता. आयुष्यभर फोनवर काम केलं, असं कधी केलं नव्हतं.

१० मार्च

आज कुणाशी बोलले नाही.

११ मार्च

दुपारी वहिनी खुर्चीत बसली होती. तिच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"माझ्या बडबडीने पडतेस ते."

तिने लगेच उत्तर दिलं नाही. हल्ली तिचा आवाज बारीक झालाय, शब्द यायला वेळ लागतो. मी थांबले. थांबणं मला जमत नाही, पण थांबले.

"अंदाज होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू गप्प झाली असतीस."

"मग? बरंच झालं असतं की! मनगट वाचलं असतं!"

ती म्हणाली, "हे गेले, तेव्हा घर कसं झालं होतं आठवतं? तू नोकरीवरून यायचीस, जिन्यापासूनच तुझं सुरू व्हायचं. मी दाराशी उभी राहून ऐकायची. ते नको होतं जायला."

मी उठून चहा ठेवला. तो उतू गेला. पुन्हा ठेवला.

१६ मार्च

पायवालीची माफी मागितली. ती म्हणाली, "कसली माफी? माझं मांजरसुद्धा रागावलं की तोंड फिरवून बसतं." मला मांजराच्या रांगेत बसवलं. पण गोड मुलगी आहे. तिची सर्दी अजून गेली नाही. तिला लिंबू-मध घ्यायला सांगितलं. घरात नियम केला आहे: वहिनी उभी असेल तर मी मुकी. काही सांगायचंच असेल तर तिच्या समोर यायचं, ती बसेपर्यंत थांबायचं, मग बोलायचं. आज तीन वेळा जीभ चावली. खरोखरीची.

आज पायवालीने नवीनच शिकवलं, पडल्यावर उठायचं कसं. मी म्हटलं, पडायचंच नाही तर उठायचं कशाला शिकायचं? ती म्हणाली, "उठता येतं हे माहीत असलं की भीती कमी होते, आणि घाबरलेला माणूस जास्त पडतो." मग स्वतः जमिनीवर आडवी पडून दाखवलं. मांजर तिच्या पोटावर येऊन बसलं. वहिनी गादीवरून शिकली, मी बाजूला उभी. आधी पडून राहायचं. घाई नाही. लागलंय का बघायचं. कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, मग रांगत खुर्चीपर्यंत, हात बैठकीवर, मजबूत पाय पुढे, वर. वहिनीला जमलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शिडीवरून उतरल्यासारखा भाव होता.

२ एप्रिल

भाचा येतोय. दहा दिवसांसाठी. त्या जागेची माहितीपत्रकं त्याने आधीच पाठवली आहेत. बाग छान आहे. खोल्यांना मोठ्या खिडक्या. मी वहिनीला म्हटलं, "छान आहे गं." ती म्हणाली, "हो, छान आहे." दोघी चांगल्या खोटारड्या आहोत.

१९ एप्रिल

आज जे घडलं ते लिहिताना अजून मांडी दुखते.

भाचा परवा आला. वाळलाय. आईला बघून त्याचे डोळे भरले, मग तो लगेच घराच्या तपासणीला लागला. पिवळ्या रेघांपाशी थांबला. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "तुझ्या आईने." तो खाली बसला आणि रेघेवरून बोट फिरवलं.

आज सकाळी मला सगळं नीटनेटकं दाखवायचं होतं. वहिनी खुर्चीत. मी बिछान्याची चादर, उशा आणि धुतलेल्या कपड्यांची चळत घेऊन निघाले, आणि त्याची बॅग बोळात उघडी पडली होती तिच्यात माझा पाय अडकला. मी उताणी. चादर तोंडावर.

तो धावत आला. "आत्या! आत्या!" करत दोन्ही हात धरून मला ओढायला लागला. माझ्या खांद्यातून कळ गेली. मला ओरडताही येईना.

"हात सोड तिचे!"

कोण ओरडलं कळेना. असा आवाज या घरात कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. वहिनी खुर्चीच्या कडेला आली होती, दोन्ही हात हँडलवर.

"सोड म्हणते ना. वन्सं, पडून राहा. घाई नाही. डोकं आपटलं का?"

"नाही."

"पाय हलव. दुसरा. कमरेत कळ आहे?"

"नाही गं. अब्रू गेली फक्त."

"ती नंतर बघू. कुशीवर हो. माझ्याकडे तोंड. अरे, ती लाकडी खुर्ची आण, तिच्या डोक्याशी ठेव, आणि नुसती धरून उभा राहा. वन्सं, हातागुडघ्यांवर. दम घे. आता हात खुर्चीवर. उजवा पाय पुढे, उजवा तुझा चांगला."

माझा कुठला पाय चांगला हे तिला ठाऊक होतं! मला नव्हतं. मी उजवा पुढे घेतला आणि उठले. खुर्चीत बसले. भाचा पांढराफटक पडला होता, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून.

वहिनी मागे टेकली. पुन्हा तिच्या बारीक आवाजात म्हणाली, "बॅग उचल आधी."

२१ एप्रिल

पायवालीच्या तासाला भाचा बसला. त्याने सरळच विचारलं, "आई पुन्हा पडणार नाही याची खात्री द्याल का?"

"नाही," ती म्हणाली. "हा आजार पुढे जातो. पडण्याचं प्रमाण कमी करता येतं, लागणं कमी करता येतं, भीती कमी करता येते. खात्री कुणीच देणार नाही. तुम्ही बघून आलात ती जागाही नाही."

मला ती खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं. पण तिने खरं सांगितलं म्हणूनच तो ऐकत होता. मग तो आईकडे वळला. "आई, तुला काय हवंय?"

वहिनीचे ओठ हलले. मी तिच्या वतीने सांगायला तोंड उघडलं. आयुष्यभर इकडचा निरोप तिकडे देण्याचंच काम केलं आहे मी. पडद्यातून पायवालीने नुसता हात वर केला. मी तोंड मिटलं.

बराच वेळ गेला. भाचाही थांबला, हे त्याचं मोठेपण.

"इथे राहायचंय," वहिनी म्हणाली. "पुढे जमेनासं झालं की मीच सांगेन. तोवर नाही. आणि हिला अजून नीट उठता येत नाही."

भाचा हसला. हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला. सकाळच्या अंघोळीला मदत म्हणून एक बाई ठेवायची आणि तो दर तीन-चार महिन्यांनी येऊन जाणार असं ठरलं. पायवाली म्हणाली, तिच्या तासालाही त्याने तिकडून बसावं. बसतो म्हणाला. 'बघू या' म्हणाला नाही.

त्याचं कौतुक किती करावं तेवढं थोडं. मी त्याला त्या बागेसाठी मनातल्या मनात महिनाभर शिव्या घातल्या होत्या. लेकरू घाबरलं होतं, बाकी काही नव्हतं.

२३ मे

पायवाली आता महिन्यातून दोनदाच येते. मला चुकल्यासारखं होतं. मांजराला बघायची सवय झाली.

आज संध्याकाळी आम्ही दोघी प्रथमच चौकापर्यंत चालत गेलो. वहिनीच्या हातात काठी, मी अर्धं पाऊल मागे, पायवालीने सांगितल्याप्रमाणे तिचा दंड न ओढता. वाटेत काय काय दिसलं! केशकर्तनालयवाल्याने मिशा काढल्या. बँकेच्या दारात कुत्र्याला पिल्लं झाली आहेत. औषधवाल्याची बायको रस्त्यावर त्याला काहीतरी सुनावत होती. मी एक अक्षर बोलले नाही. सगळं बाकावर बसल्यावर सांगायचं म्हणून साठवत गेले.

बाकावर बसलो. मी श्वास घेतला आणि सुरू करणार, तोच वहिनी बोलायला लागली. समोरच्या दुकानाची पाटी बघून. ती पाटी आता प्लॅस्टिकची आहे, आतून दिवे लागतात. तिने पूर्वी तिथे लाल अक्षरं कशी काढली होती, मालक रोज खाली उभा राहून अक्षर मोठं कर म्हणायचा आणि ती रोज 'हो' म्हणून तेवढंच ठेवायची. एकदा माझा भाऊ तिला डबा द्यायला आला आणि शिडी धरून उभा राहिला, दुपारभर, एक शब्द न बोलता. हे मला ठाऊक नव्हतं. भावाबद्दल मला ठाऊक नसलेलं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. मग ती तिच्या वडिलांबद्दल बोलली, ज्यांनी तिला ब्रश धरायला शिकवलं. मग कुठल्या रंगाला कसला वास येतो ते. आवाज बारीक, म्हणून मला वाकून ऐकावं लागलं. दिवे लागले तरी ती बोलतच होती. मिशांचं सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या काही आठवड्यांपासून मी बघतेय, वहिनी हल्ली फार बोलते. सकाळी चहाला, दुपारी खुर्चीत, जेवून झाल्यावर. इतक्या वर्षांत एवढी कधी बोलली नव्हती. गोळ्यांचा परिणाम असणार, दुसरं काय. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या त्यानंतरच हे सुरू झालंय.

पुढच्या वेळी ते पडद्यावर आले की विचारलं पाहिजे, हे नेमकं कोणत्या गोळीने होतं. आणि हात जोडून सांगितलं पाहिजे, बाकी काय वाटेल ते बदला, ती तेवढी बंद करू नका.